फुकट निराळं, आपलं निराळं

"सर्किट डिझाइन शिकायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" असं विचारणाऱ्याला आपल्याकडे हमखास दोन उत्तरं मिळतात. पहिलं, "अरे कुठलंही घे, सुरुवातीला काय फरक पडतो? सोपं वाटेल ते घे." दुसरं, आवाज जरा खाली आणून, "कंपन्यांत वापरतात तेच शिक ना! माझ्याकडे आहे, पेनड्राइव्ह घेऊन ये." सांगणारी माणसं मनाने चांगलीच असतात. पण दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि त्यांनी नवशिक्याचं नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे. आज त्यावरच लिहायचंय. ज्यांना भांडायचंय त्यांनी खुशाल भांडावं.

आधी घरच्या मंडळींसाठी थोडं. नाहीतर "हा आता कसलं बोर्ड-बोर्ड करतोय" असं आमच्या आत्याबाई म्हणणारच. टीव्हीचा रिमोट उघडला की आत जी हिरवी पाटी दिसते तिला पीसीबी म्हणतात. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात, त्याच तारांचं काम करतात. अशी पाटी स्वतः बनवायची तर कॉम्प्युटरवर दोन चित्रं काढावी लागतात. पहिलं स्किमॅटिक, म्हणजे कुठल्या भागाचा कोणता पाय कुणाला जोडलाय त्याचा नकाशा. दुसरं लेआउट, म्हणजे प्रत्यक्ष पाटीवर कोण कुठे बसणार आणि रेघा कुठून जाणार. आत्याबाईंच्या भाषेत सांगायचं तर पहिलं म्हणजे वंशावळ आणि दुसरं म्हणजे पंगतीत कुणाला कुठे बसवायचं! नात्यात कुणीही जवळचं असो, पंगतीत सगळ्यांना शेजारी बसवता येत नाही. लेआउटची सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी त्यातच आहे. हे जमलं की सॉफ्टवेअर 'गर्बर' नावाच्या फाइली काढून देतं. त्या पाठवल्या की जगातला कुठलाही कारखाना पाटी बनवून देतो.

म्हणजे सॉफ्टवेअर हे नुसतं हत्यार झालं, नाही का? पक्कड कुठल्याही कंपनीची असली तरी खिळा निघतोच. "काय फरक पडतो" म्हणणाऱ्यांचा मुद्दा हाच असतो. गोम अशी की पक्कड हातातून ठेवली तरी खिळा आपलाच राहतो. सॉफ्टवेअरचं तसं नाही. आपण काढलेलं चित्र ज्या फाइलमध्ये राहतं, ती फाइल ते सॉफ्टवेअर असेल तरच उघडते. गर्बर हातात असतात हे खरं, पण त्या छापून झालेल्या लग्नपत्रिकेसारख्या आहेत. वाचता येतात, वाटता येतात, पण पुढच्या मुलीच्या लग्नात त्यातच नाव-तारीख बदलून वापरता येत नाहीत. त्यासाठी मूळ मजकूरच लागतो.

माझ्या ब्लॉगर दोस्तांना हे समजावून सांगायची खरं तर गरजच नाही. युनिकोड येण्याआधी आपण मराठी कसं टाइप करायचो ते आठवा. श्रीलिपी, शिवाजी, किरण... प्रत्येक फॉन्टची तऱ्हा निराळी. फाइलमध्ये प्रत्यक्षात असायची भलतीच अक्षरं, आणि तो ठरावीक फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. किती जणांच्या वडिलांच्या कविता, मंडळांच्या स्मरणिका, कुळाचे वृत्तांत आज नुसते चित्रविचित्र इंग्रजी अक्षरांचे ढीग होऊन पडलेत! लिहिणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती. त्याला कुणीतरी "हा फॉन्ट सोपा आहे, हाच घे" एवढंच सांगितलं होतं. पुढे ते लिखाण उघडणार कोण आणि कशाने, हे कुणीच विचारलं नव्हतं.

सर्किटच्या जगात नेमकं हेच झालं, आणि एकदा नाही. सगळ्यात बोलकं उदाहरण ईगलचं.

ईगल हे १९८८ साली जर्मनीतल्या कॅडसॉफ्ट नावाच्या छोट्या कंपनीने काढलेलं सॉफ्टवेअर. नावाची फोड जर्मनमध्ये साधारण 'वापरायला सोपा ग्राफिक लेआउट एडिटर' अशी होते. म्हणजे सोपेपणा थेट बारशालाच! त्याची फुकट आवृत्तीही होती. १०० बाय ८० मिलिमीटरची पाटी, दोन थर, स्किमॅटिकचं एक पान, एवढ्या मर्यादेत काय हवं ते करा. हौशी लोकांना तेवढं पुरायचं. बघता बघता ईगल ही हौशी जगाची बोलीभाषाच झाली. आर्डुइनो उनोच्या मूळ डिझाइनच्या फाइली ईगलमध्येच आहेत. स्पार्कफन, एडाफ्रूट अशा कंपन्यांनी आपली डिझाइन्स जगाला खुली करून दिली, तीही बरीचशी ईगलमध्येच.

मग २००९ मध्ये कॅडसॉफ्ट प्रीमियर फार्नेलकडे गेली आणि २०१६ मध्ये ईगल ऑटोडेस्कने विकत घेतलं. जानेवारी २०१७ पासून एकदा पैसे मोजून कायमचं घ्यायची सोय बंद झाली आणि वर्गणी आली. २०२० मध्ये ईगल ऑटोडेस्कच्या फ्यूजनमध्ये सामावून घ्यायला सुरुवात झाली. आणि जून २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ७ जून २०२६ ही स्वतंत्र ईगलची अखेरची तारीख. संपलं!

ह्यात कंपनीने काही बेकायदा केलं का? अजिबात नाही. दुकान त्यांचं, शटर कधी ओढायचं ते त्यांनी ठरवायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की नवशिक्याला हे आधीच सांगायला हवं: बाबा रे, तू ज्या घरात सामान लावतोयस ते भाड्याचं आहे. सध्या भाडं शून्य आहे, पण करारावर सही त्यांची आहे.

ईगलवाल्यांचं दैव बलवत्तर म्हणून एक गोष्ट बरी झाली. २०१२ च्या सहाव्या आवृत्तीपासून ईगलच्या फाइली एक्सएमएल, म्हणजे वाचता येईल अशा मजकुराच्या झाल्या होत्या. त्यामुळे दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्या समजून घेता आल्या, आणि आज ती जुनी डिझाइन्स कीकॅडमध्ये उघडता येतात. (कीकॅडबद्दल खाली सांगतो.) म्हणजे त्यांची सुटका झाली ती फाइल उघडी होती म्हणून. सॉफ्टवेअर सोपं होतं ह्याचा त्या सुटकेशी काही संबंध नाही.

आता 'फुकट'चे प्रकार बघू. माझ्या मते नवशिक्यासमोर तीन तऱ्हेची फुकटं येतात आणि तो तिन्ही एकाच मापाने मोजतो.

पहिलं मोठ्या कंपनीचं मर्यादित फुकट. फ्यूजनची खासगी वापराची आवृत्ती घ्या. स्किमॅटिकची दोन पानं, दोन थर, ८० चौरस सेंटिमीटरची पाटी. पहिल्या दहा पाट्यांना ही मर्यादा कधी टोचणारही नाही, हे मी मान्य करतो. टोचते ती दुसरी गोष्ट. सप्टेंबर २०२० मध्ये ह्याच फुकट आवृत्तीच्या अटी बदलत असल्याचं जाहीर झालं. एकावेळी दहाच फाइली चालू ठेवायच्या, आणि स्टेप नावाच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या रूपात चित्र बाहेर न्यायची सोयही काढून टाकणार. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा ती स्टेपची सोय राहिली. राहिली हे चांगलंच झालं. पण आपल्याच कामाची फाइल बाहेर काढता यावी म्हणून आपण विनवण्या करायच्या, ही कुठली रीत?

दुसरं विक्रेत्याचं फुकट. इझीईडीए हे त्यातलं सगळ्यात लोकप्रिय. खरं सांगायचं तर ते चांगलं आहे. ब्राउझरमध्ये उघडतं, हजारो भाग तयार मिळतात, संध्याकाळी बसलं तर रात्री जेवायच्या आत पहिली पाटी तयार होते. पण ते फुकट का आहे हेही बघा. जेएलसीपीसीबी हा पाट्या बनवणारा कारखाना आणि एलसीएससी हे सुटे भाग विकणारं दुकान, दोन्ही त्याच घरातली. लायब्ररीतून भाग उचलला की त्यासोबत त्या दुकानाचा माल क्रमांक येतो, आणि लेआउट झालं की ऑर्डरचं बटण समोरच असतं. गर्बर काढून दुसरीकडे जायची वाट खुली आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण नवशिक्याला वाट दिसते ती दुकानातूनच. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी चार दुकानं फिरून, काउंटरवरच्या माणसाला "ह्याच्याऐवजी काय चालेल?" असं विचारत जी अक्कल येते, ती ह्या बटणातून येत नाही. किराणा दुकानदाराने फुकट दिलेलं कॅलेंडर भिंतीवर जरूर लावावं. पण घरचा हिशेब त्याच्या वहीत ठेवू नये!

तिसरं फुकट म्हणजे पेनड्राइव्हवरचं. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. अल्टियम, ऑरकॅड ही सॉफ्टवेअरं उद्योगात चालतात, त्यांची किंमत हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर असते, म्हणून चोरलेली प्रत वापरायची. आणि हे पोराला शिकवतो कोण? तर आपणच, मोठी माणसं. काका, मामा, शेजारचा इंजिनिअर. जो मुलगा स्वतःच्या हाताने काही घडवायला निघालाय, त्याला पहिलाच धडा आपण देतो की दुसऱ्याने घडवलेली गोष्ट उचलली तरी चालते. उद्या त्याचं डिझाइन कुणी उचललं तर कोणत्या तोंडाने तो तक्रार करणार? "आपल्याला कुठे परवडतं" ही सबब मी समजू शकलो असतो, जर दुसरा मार्गच नसता. पण मार्ग आहे, चांगला रुंद आहे, आणि त्यावर टोलनाकाही नाही.

तो मार्ग म्हणजे कीकॅड.

फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या जाँ-पिएर शारास ह्यांनी १९९२ मध्ये हे लिहायला घेतलं. त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे आणि लायसन्स जीपीएल. म्हणजे कुणीही वापरा, बदला, वाटा. त्याला पाटीच्या मापाची मर्यादा नाही, लॉगिन नाही, वर्गणी नाही. त्यावर कमावलेत तरी कुणी हिस्सा मागायला येत नाही. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेने २०१३ पासून त्याच्या कामात माणसं आणि पैसा घातला. तारा ओढताना आधीच्या तारा आपोआप बाजूला सरकवून नव्या तारेला जागा करून देणारा जो राऊटर त्यात आहे, तो सर्नचीच देणगी. (लोकलमध्ये चौथ्या सीटवाल्याला "जरा सरकून घ्या" म्हणावं लागतं, इथे तेही लागत नाही.) २०१९ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला. आणि आपल्या पवईच्या आयआयटीत एफओएसएसईई प्रकल्पाखाली ईसिम नावाचं जे सॉफ्टवेअर बनलंय, त्यात सर्किटचं चित्र काढायला कीकॅड आणि सर्किट चालवून बघायला एनजीस्पाइस वापरलंय. तेव्हा "हे काहीतरी हौशी लोकांचं खेळणं" असं म्हणणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं.

सगळ्यात मोठी गोष्ट त्याची फाइल. ती साधा मजकूर आहे. नोटपॅडमध्ये उघडा, तुमचा रेझिस्टर, त्याची किंमत, त्याची जागा, सगळं वाचता येतं. उद्या कीकॅडची सगळी मंडळी कंटाळून शेती करायला निघून गेली तरी तुमची फाइल वाचता येईल, आणि कोड खुला असल्यामुळे दुसरं कुणीतरी तो हातात घेऊ शकेल. नावातल्या 'की'चा किल्लीशी काही संबंध नाही, पण मला तो लावावासा वाटतो. इथे किल्ली तुमच्या खिशात असते.

"पण कीकॅड अवघड आहे!" हा आक्षेप येणारच. आहे थोडं. डाउनलोडच गिगाबाइटच्या घरात जातं. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. स्किमॅटिक बिनचूक असूनही तपासणी करायला सांगितली की ते म्हणतं, वीज घेणारा पाय आहे पण वीज देणारा कुठे दिसत नाही! तिथे 'पॉवर फ्लॅग' नावाची एक निशाणी लावून त्याला समजवावं लागतं की बाबा, बॅटरी ह्या कनेक्टरमधून येतेय. पहिल्यांदा ह्याने डोकं फिरतं, खोटं कशाला बोलू?

पण सगळ्यात जास्त तक्रार असते ती अशी की चिन्ह वेगळं आणि फूटप्रिंट वेगळं का? स्किमॅटिकमध्ये ट्रान्झिस्टरचं चिन्ह काढलं, तर पाटीवर त्याच्या पायांची भोकं कशी असतील हे पुन्हा वेगळं का ठरवायचं? मी म्हणतो, ह्यातच तर शिक्षण आहे. बीसी ५४७ घ्या आणि २एन३९०४ घ्या. दोन्ही एनपीएन ट्रान्झिस्टर, दोन्हींचं चिन्ह एकच, दोन्ही त्याच काळ्या टीओ-९२ डबीत मिळतात. पण सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे आहेत आणि २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. बरोबर उलटे! चिन्ह म्हणजे नातं आणि फूटप्रिंट म्हणजे शरीर, हा फरक ज्याला पहिल्या पाटीतच कळला तो पुढे डेटाशीट उघडल्याशिवाय भोक पाडणार नाही. जे सॉफ्टवेअर हा फरक झाकून सगळं तयार ताटात वाढतं, ते सोपं वाटतं खरं. पण तो सोपेपणा गाइडमधून पाठ केलेल्या उत्तरासारखा आहे. प्रश्न जरा फिरवला की पंचाईत.

दुसरा आक्षेप, "नोकरीत हे चालणार नाही." ज्याला छंद म्हणून पाट्या करायच्या आहेत त्याला नोकरीची भीती कशाला घालता? आणि नोकरीच हवी असेल तरी, ग्राउंड कसा पसरावा, डीकपलिंगचा कपॅसिटर चिपच्या पायाला चिकटूनच का ठेवावा, जास्त करंटची तार किती रुंद हवी, हे सगळ्या सॉफ्टवेअरांत सारखंच असतं. एका मोटारीवर शिकलेला माणूस दुसरी चालवतोच की! आणि चोरीच्या मोटारीवर शिकलो असं मुलाखतीत सांगता येत नाही, तेही आहेच.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. सॉफ्टवेअर निवडण्यात महिने घालवणं हाही एक आजारच आहे. तुलनेचे तक्ते वाचत बसणारे आणि एकही पाटी न केलेले लोक मी पाहिलेत. ज्याने अजून सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाही त्याला कुठल्याच सॉफ्टवेअरची गरज नाही. आधी ब्रेडबोर्डवर सर्किट चालवावं, मग झिरो पीसीबीवर डाग द्यावेत, बोटं थोडी भाजून घ्यावीत. वहीत पेन्सिलने काढलेलं स्किमॅटिक ही जगातली सगळ्यात उघडी फाइल आहे, ती कुणीही बंद करू शकत नाही.

त्यानंतर मात्र कीकॅड घ्यावं आणि ५५५ चा एलईडी उघडझाप करणारा बोर्ड करावा. एका बाजूची पाटी, मोठ्या पायांचे भाग, तारा चांगल्या मिलिमीटरभर रुंद. भाग आधी बाजारातून आणावेत. मग लेआउट खऱ्या मापात कागदावर छापून त्या कागदावर भाग टोचून बघावेत, बसतात की नाही ते दहा मिनिटांत कळतं. बसले की फेरिक क्लोराइडमध्ये पाटी घरीच करा, नाहीतर गर्बर काढून ज्या कारखान्याचा भाव आवडेल त्याच्याकडे पाठवा. पुण्यात, मुंबईत, चीनमध्ये, कुठेही. निवड तुमची. मी इतका वेळ ज्यासाठी भांडतोय ते हेच आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी घरातलं एखादं पोर "कोणतं घेऊ?" विचारायला आलं तर पेनड्राइव्ह शोधायला कपाट उघडू नका, आणि "कुठलंही घे" म्हणून हातही झटकू नका. त्याला एवढंच विचारा: हे सॉफ्टवेअर आणखी दहा वर्षांनी नसलं, तर आज काढलेली फाइल तुला उघडता येईल का? उत्तर 'हो' असेल तर पोराला कीकॅडच काय, दुसरं काहीही घेऊ दे, माझी काही हरकत नाही. फक्त उत्तर त्याने स्वतः शोधलेलं हवं. पाटीवर कोपऱ्यात पांढऱ्या शाईने स्वतःचं नाव छापता येतं, पहिल्या बोर्डावर प्रत्येक जण ते हौसेने छापतोच. त्या नावाला काही अर्थ असायचा तर मूळ चित्रही त्याचंच राहायला हवं.